पयली फेक गंगेची

माझं नाव पारू. कागदावर पार्वती हाय, पण पार्वती म्हणून हाक मारलीत तर मी मागं वळून बघायची न्हाई, एवढ्या वर्षांत कुणी मारलीच न्हाई तशी हाक. जन्म वरल्या अंगाचा, मावळातला, पवनेच्या काठाला, भोयाच्या घरात. भोयाचं घर म्हंजी जमीन न्हाई, बैल न्हाई, दारात वाळत टाकलेलं जाळं तेवढं, आन पोरीबाळी समद्या नदीला. लगीन झालं ते बी ह्याच नदीला, खाली रावेतला. आई म्हणली, रडतीस कशाला, तुला काय परक्या मुलखात दिली का, पाणी तेच हाय, आज मी हितं घागर बुडवली की उद्या तेच पाणी तुझ्या दारावरनं जाईल. तवा मला ते खरं वाटलं, बरं बी वाटलं. आता वरनं पाणी खाली येईपर्यंत त्यात काय काय मिसळतंय, आईची घागर त्यात कुठं वळखायची.

मालकांचं नाव इचारू नगा, मी घेत न्हाई. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तितं जाळं शिवत बसल्यात न्हवं, तेच. त्यांना ऐकू समदं येतं, फकस्त नको ते ऐकू येत न्हाई. तुमी माझंच लिवा, ते मधी बोलले तर लिवू नगा.

सासरी आले तवा सासरं व्हतं, थोरलं दीर व्हतं आन हे. तिघं मिळून जाळं मारायचं, मी आन सासू पाट्या घेऊन कासारवाडीला, टेसनाच्या बाहेर बसायचो. कंपनीची शिफ्ट सुटली की गिऱ्हाईक लोंढ्यानं यायचं, आखाडात तर मारामारी, कारण पुढं श्रावण, मंग कोण खातंय. गाभोळीचा मासा हाय का, गाभोळीचा हाय का, एकच धोशा. मी म्हणायची, दादा, अंडी खाल्लीत तर पुढल्या साली काय खाशीला, तर हसायचे आन दोन जास्त घ्यायचे. मला काय, मी दिले. मी काय साधू न्हाई.

मंग नदी बिघडली. कुणी बिघडवली ते मला इचारू नगा, मी बघितलं तेवढं सांगते. आधी फेस यायला लागला, मंग उन्हाळ्यात जलपर्णी, एवढी गच्च की कुत्रं चालत जाईल वरनं. मासा बदलला. मरळ गेली, शिंगाळा गेला, चिलापी आली. चिलापी म्हंजी कुठं बी जगणारी जात, गटार का दूध तिला फरक न्हाई. पाटीत समदी चिलापी, मंग भाव कुठनं येणार. मालक चाकणला कंपनीत लागलं, ठेकेदाराकडनं, पत्रं उचलायच्या कामाला. लई वर्षं केलं. युनिफॉर्म घालून जायचं आन आल्यावर हात हुंगायचं, म्हणायचं, पारे, ह्याला माशाचा वास येत न्हाई, लोखंडाचा येतो. वय झाल्यावर ठेकेदारानं गेटवरच सांगितलं उद्यापासनं नको. आलं घरी, माळ्यावरनं जाळं काढलं आन शिवाया बसलं. तेवढ्यात आमचा गणेश कमावता झाला व्हता, कंपनीची स्टाफ बस चालवतो, पुनावळ्यापासनं चाकणपत्तुर माणसं उचलायची आन सोडायची. म्हणून चूल चालली.

आता तुमाला आमची एक रीत सांगाया पायजे, न्हाईतर पुढलं कळणार न्हाई. आखाडात नदी फुगली, पाणी तांबडं झालं, की मासा चढणीला लागतो. खालनं वर जायचं, उथळ पाण्यात, गवतात अंडी घालाय. आमच्या हितं जुना दगडी बंधारा हाय, त्याला एका अंगानं खिंडार पडलंय, माझ्या सासऱ्याच्या बी आधीचं. मासा त्या खिंडाराच्या पायथ्याला येऊन थांबतो, दम खातो, आन पाणी सोयीचं झालं की त्यातनं वर चढतो. तर त्या साली पयली फेक तितं मारायची. तांबडं फुटताना, उपाशी पोटी. आन त्या पयल्या फेकीत जे येईल ते गंगेचं. आमी नदीला गंगाच म्हंतो. तवा बोलायचं न्हाई, मोजायचं न्हाई, माशाचं नाव घ्यायचं न्हाई. घरातल्या बाईनं डोक्याला कुंकू टेकवायचं आन पाण्यात सोडून द्यायचं. मंग दुसरी फेक आपली. पयली ती फेक म्हणून धरायचीच न्हाई.

एका साली ही रीत मोडली. सासऱ्याला कुण्या बड्या माणसाच्या घरचं बोलावणं आलं, आखाडाची पार्टी हाय, गाभोळीचं मासं पायजेत, आजच पायजेत. पयल्या फेकीत मोठालं मासं आलं, सासऱ्याचं मन फिरलं, त्यांनी ते पाटीत घातलं. सासूनं कुंकवाचा करंडा हातात धरून ठिवला तसाच. त्याच आखाडात थोरलं दीर खिंडारात आडकलेलं जाळं सोडवाया उतरलं आन पाण्यानं त्यांना नेलं. खाली लांब, बाभळीत आडकून सापडलं. काढलं कुणी, तर ह्यांनी. तवा आमचं लगीन नवंच व्हतं, ह्यांना मिसरूड बी नीट फुटलं न्हवतं. मी म्हंते, पूर यायचा तो येतोच, गंगा काय पाटी बघून माणूस नेत न्हाई. पण मी हे घरात कवा म्हणले न्हाई. ज्यानं भावाला बाभळीतनं सोडवलं त्याला काय सांगायचं.

तर कंपनी सुटून हे परत जाळ्याला लागल्यावर एक मॅडम आल्या. कालिजात शिकवत्यात, मूळच्या कोकणातल्या, खाडीकाठच्या. सोबत दोन पोरी, गाडीत टब, काटा, मोजपट्टी लावलेली फळी, पाण्यात बुडवायचं कसलंसं यंत्र. म्हणाल्या, मावशी, काका, आम्हाला ह्या नदीतले मासे मोजायचेत, ऋतू बदलला की कुठला मासा येतो, कुठला जातो, ते लिहायचंय, जाळं तुमचं, हात तुमचे, हजेरीचे पैसे आम्ही देऊ. मी म्हणलं, मासं मोजून काय करणार, खाणार का? त्या म्हणाल्या, नाही, परत सोडणार. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. मासं धरून परत सोडायचं आन वर हजेरी मिळायची, आसलं काम आमच्या सात पिढ्यांत कुणी दिलं न्हवतं.

पण काम सोपं न्हाई बरं का. वर्षातनं चार बारी, उन्हाळ्यात, आखाडात, दिवाळी झाल्यावर आन थंडी सरताना. जागा ठरलेल्या, बंधाऱ्याचा पायथा, खालचा डोह आन ओढा मिळतो ते तोंड. तेच जाळं, तीच वेळ, तेवढ्याच फेकी. मालक म्हणायचं, मॅडम, आज हितं काय न्हाई, पलीकडं मारू, तितं मासा हाय. त्या म्हणायच्या, काका, तिथं नाही मारायचं, इथंच मारायचं, काही नाही आलं तर काही नाही असंच लिहायचं. ह्यांचं डोकं फिरायचं. मासा कुठं हाय हे ठाव असून न्हाई तितं जाळं मारायचं, ह्येला काय म्हणावं? मला बी तवा ती बाई येडी वाटली. पण मंग त्यांनी एकदा नीट सांगितलं, म्हणाल्या, मावशी, तुम्ही रोज वेगळ्या जागी बसलात तर धंदा वाढला का घटला कसं कळेल? ते मला पटलं. टेसनाच्या बाहेरची माझी जागा मी तापात बी सोडली न्हवती.

माझं काम टबापाशी. मी मासा हातात घेऊन नाव सांगायचं, त्या त्यांचं विंग्रजी नाव लिवायच्या, पोरी फोटू काढायच्या. दोन-तीन बारी मी चुकले बी, एका माशाला मी मुरी म्हणलं आन मॅडमनी मिशा दाखवून सांगितलं ही निराळी. मी म्हणलं, आसंल, तेलात टाकल्यावर दोन्ही सारख्याच. त्या लई हसल्या. अशा गप्पा मारताना त्या त्यांच्या खाडीचं सांगायच्या, भरतीला एक मासा, ओहोटीला दुसरा, पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की तिसराच, लहानपणी बापाबरोबर बसून बघायच्या, आन चढणीच्या माशाला त्यांच्याकडं वलगणीचा मासा म्हंत्यात. मी म्हणलं, आमच्याकडं बी चढतो. त्या म्हणाल्या, चढायचा मावशी, आता कुठं दिसतो, मला तर आखाडात पण तुमची चिलापीच मिळतीय.

हितं मी टबातल्या चिलाप्या वर-खाली कराया लागले. ह्यांनी माझ्याकडं डोळं वटारून बघितलं व्हतं.

कारण काय, आखाडातली पयली फेक आमी मॅडम यायच्या आधीच मारून मोकळं व्हायचो. त्यांची वेळ दिवस वर आल्यावरची. आमची तांबडं फुटताना. त्या फेकीत दरसाली कोळशी यायची. कोळशी म्हंजी रुपेरी, थोराड, कुशीला काळा डाग, पोट गाभोळीनं टम्म. चढणीचाच मासा तो, दुसऱ्या दिवसांत आमच्या हितं दिसायचा बी न्हाई. मी कुंकू लावायची, सोडून द्यायची, आन जाळ्याच्या धसक्यानं बाकीच्या कोळशा बी पायथा सोडून खिंडारातनं वर जायच्या. मंग मॅडम यायच्या, फेकी मोजून मारायच्या, टबात चिलापी. एकदा त्यांनी इचारलं, काका, जाळं ओलं कसं? हे म्हणलं, भिजवून ठिवलं. झालं. आमच्या मनात लपवाछपवी न्हवतीच हो. तुमी देवाला निवद दाखवता तो काय जेवणात धरता का? तसंच ते. त्यांनी मासं मोजाया बोलावलं, आन ते मासं गंगेचं, मोजायचं न्हवतंच.

अशी दोन-तीन सालं गेली. मंग बंधाऱ्याचं निघालं. आता रावेतला टॉवर झाल्यात, पुनावळ्यात झाल्यात, माणसांना फिराया जागा पायजे, पाणी बघाया पायजे. म्हणून हापिसातनं साहेब आलं, देवळापुढल्या मांडवात मीटिंग भरली. साहेबांनी नकाशा लावला. खिंडार बुजवायचं, बंधारा एकसारखा करायचा, पाणी भरून ठिवायचं, काठाला बाकडी, झाडं. चांगलं व्हतं की, बाकड्याला माझी काय ना न्हाई, माझं बी गुडघं दुखत्यात. मॅडमला बी बोलावलं व्हतं. साहेबांनी त्यांना इचारलं, ह्या खिंडारातनं मासा चढतो का? चढत आसंल तर वाट ठिवाया लागंल, न्हाई तर उगा कशाला खर्च. मॅडम हुभ्या ऱ्हायल्या, त्यांचं तोंड उतरलं व्हतं, म्हणाल्या, आमच्या नोंदीत चढणीचा मासा एकही नाही.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, न्हाई कसा? दरसाली मी माझ्या हातानं कुंकू लावते त्यांना!

समदा मांडव माझ्याकडं बघाया लागला. मालकांनी मान खाली घातली ती घातलीच. मॅडम माझ्यापाशी आल्या, बसल्या, म्हणाल्या, मावशी, मला का नाही सांगितलं? मी म्हणलं, तुमी मासा इचारला, तो मासा न्हवता, तो गंगेचा व्हता. साहेब वाईट माणूस न्हवता, तो म्हणला, मग आता लिहून टाका की मॅडम, मावशी खोटं कशाला बोलतील. आन मॅडम काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, नाही लिहिता येणार. मी डोळ्यांनी बघून मोजला नाही तो मासा मी लिहिला, तर उद्या दुसरा कुणी न बघितलेलं पाणी स्वच्छ म्हणून लिहील, त्याला मी कुठल्या तोंडानं बोलू?

लई राग आला मला. काय सांगू तुमाला, तितंच दोन शब्द सुनवावंसं वाटलं. साहेब लिवा म्हंतोय आन ही बाई न्हाई म्हंतीय, आन वाट बुजणार कुणाची? पण साहेबच म्हणला, काम दिवाळीनंतर सुरू होणार, मधी आखाड येतोय, तवा दाखवा, दिसला तर मी वाट ठेवतो, नाही दिसला तर बुजवतो. एवढं बोलून ते गेलं, च्या बी न घेता.

म्हंजी आता समदं एका आखाडावर आलं. पयली फेक मॅडमच्या समोर मारायची, त्यांनी मासा मोजायचा, फोटू काढायचा. तर वाट ऱ्हाणार. आन ह्यांनी सांगितलं, न्हाई. पयली फेक कुणी बघायची न्हाई, कुणी मोजायची न्हाई. मी म्हणलं, अहो, मंग दुसरीत येईल का? हे म्हणलं, न्हाई येणार, तुला ठाव हाय. मी म्हणलं, मंग? तर उठून भायेर गेलं. आमचं बोलणं बंद झालं. भाकरी ताटात वाढायची, ताट सरकवायचं, ते बी न बोलता सरकवायचं. गणेशनं इचारलं, काय झालंय, मी म्हणलं, तुझ्या बापाला इचार, तो म्हणला, मंग नकोच.

मी चिडले व्हते, पण मला बी भ्या व्हतंच की. आमी म्हाताऱ्यांचं काय, गेलो तर गेलो, पण गणेश दिसातनं चार येळा पूल वलांडतो, एवढी माणसं भरलेली गाडी घेऊन. रीत मोडली तर गंगा काय करंल, आसं मनात यायचं, मी म्हणायची येडे गप, आन परत यायचं.

एक दिवस हे जाळ्याला शिशाच्या गोळ्या ववत बसलं व्हतं, आखाड तोंडावर आला व्हता. मी समोर जाऊन बसले आन बोलले. म्हणलं, पयली फेक गंगेची, बरोबर, मला मान्य. पण तिची वाटच दगडसिमीटानं बुजवली तर पुढल्या साली जाळ्यात येणार काय आन मी कुंकू लावणार कशाला? रीत पाळाया मासा तर पायजे ना? आन दीर काय फकस्त तुमचं भाऊ व्हतं का, मला बी त्यांनी बहिणीवाणी वागवलंय, कासारवाडीला पाटी डोक्यावर द्याया तेच यायचं. हे गोळ्या ववत ऱ्हायलं. पण जेवताना म्हणलं, मीठ कमी हाय. म्हंजी बोलणं सुरू झालं.

पाणी आलं, नदी तांबडी झाली. मालकांनी आपणच मॅडमला फोन लावाया सांगितलं, गणेशनं लावला, ह्यांनी फोनवर एवढंच म्हणलं, उद्या लवकर या, उपाशी या. मॅडम आल्या, पोरी आल्या, समद्या उपाशी. कुणी बोललं न्हाई. ह्यांनी जाळं खांद्यावर घेतलं, बंधाऱ्याच्या पायथ्याला उभं ऱ्हायलं, बराच वेळ नुसतं उभंच. मला वाटलं फिरत्यात माघारी. मंग मारलं. वढलं तर जड. वर घेतलं तर कोळशा, चार-पाच, मोठाल्या, तोंडं उघडत, पोटं टम्म. मॅडमनी तोंडावर हात धरला. मालकांनी येक येक मासा सोडवला आन माझ्या हातात न देता सोता टबात ठिवला. शेवटला ठिवला आन पाठ फिरवून बसलं.

मी कुंकू लावलं आधी. ते मी सोडणार न्हवते. मंग मॅडमनी मोजलं, वजन केलं, फोटू काढलं, त्यांच्या बी बोटांना कुंकू लागलं. आन मी सोडून दिल्या, येक येक करून, वरच्या अंगाला तोंड करून.

त्याच्या पुढची गंमत ऐका. फोटू हापिसात गेला, तर साहेब म्हणं, हे माशाच्या डोक्यावर तांबडं काय हाय, रोग हाय का? मॅडम म्हणाल्या, नाही साहेब, कुंकू आहे. साहेब मंग हसला, बराच वेळ फोटू बघत बसला, आन त्यानं नकाशात खिंडाराच्या जागी वाट ठिवली. साधी भिंत न्हाई, भिंतीत सोडलेली खिडकी, तळाला खडबडीत दगड टाकलेली, पाणी तितनं कायम वाहतं. मॅडमनी सोता उभं ऱ्हाऊन दगड टाकून घेतले, गवंड्याच्या डोक्यावर बसल्या अगदी.

पण त्या साली मालकांची झोप गेली. समदा पावसाळा सकाळ-संध्याकाळ जाऊन पुलाच्या तोंडाशी हुभं ऱ्हायचं, छत्री घेऊन, गणेशची बस पलीकडं जाईपत्तुर. गणेश खिडकीतनं वरडायचा, आबा, घरी जावा, भिजताय! ह्यांनी हात करायचा आन तितंच ऱ्हायचं. मी म्हणलं, तुमी हुभं ऱ्हाऊन काय करणार, बस धरणार का? म्हणलं, न्हाई, पण हुभं ऱ्हातो. काय बी झालं न्हाई. पाऊस सरला, गणेश हाय, गाडी हाय. पण काय झालं न्हाई म्हणून भ्या जात न्हाई, पुढल्या सालावर जातं.

आता ह्या आखाडाचं सांगते आन थांबते. बंधारा झाला, बाकडी झाली, माणसं कुत्री घेऊन फिरत्यात. पाणी आलं तशा मॅडम उपाशी आल्या. ह्यांनी पयली फेक मारली. जाळं हलकं आलं. काय न्हाई. काडी, प्लास्टिकची पिशवी. आमच्या जलमात पयली फेक रिकामी आली न्हवती. ठरल्याप्रमाणं दुसरी मारली, तिसरी मारली, समद्या मारल्या, दोन चिलाप्या. ह्यांचा चेहरा पांढरा फटक. दगडावर बसलं, खिशातनं फोन काढला, मला म्हणलं, गणेशला लाव. मी लावला. कुठं हाईस रं? तो म्हणला, चाकणात पोचलो आबा, गाडी लावतोय, का वो? हे म्हणलं, काय न्हाई. आन फोन माझ्याकडं दिला. मला म्हणलं, मोजलं ना, गेलं बघ.

मला तितं बसवंना, म्हणून मी चढून बंधाऱ्याच्या वर गेले, उगाच. वरल्या अंगाला पाणी काठाच्या गवतात पसरलंय, गुडघाभर बी न्हाई. आन त्या गवतात काय तरी खळबळत व्हतं. मला वाटलं म्हशी. म्हशी कुठल्या आता रावेतला. बघते तर पाठी. रुपेरी पाठी, पाण्याच्या भायेर, एकमेकींना खेटून, अंग घुसळत्यात, गवत हलतंय, कुशीचा काळा डाग मला हितनं दिसतोय. मी वरडले, अहो, वर या! हे आलं धापा टाकत. बघितलं. मॅडम आल्या, त्यांनी बी बघितलं. पायथ्याला कुणी थांबलंच न्हवतं, खिडकी मोकळी, दम खायाची गरज न्हाई, त्या आमच्या आधीच वर गेल्या व्हत्या.

ह्यांचा हात आपसूक जाळ्याला गेला. मॅडम म्हणाल्या, नको काका, ही आपली ठरलेली जागा नाही, इथले मासे मला लिहिता येणार नाहीत. तवा हे हसले, कितीक दिसांनी, म्हणलं, लिवूच नगा. आन जाळं खाली ठिवलं. मी कंबरंचा करंडा काढला, मासा तर हातात न्हवता, मंग चिमूटभर कुंकू पाण्यावरच सोडलं.

खाली येऊन मॅडमनी लिवलं, बंधाऱ्याचा पायथा, कोळशी. ह्यांनी इचारलं, किती लिवली? त्या म्हणाल्या, शून्य. हे म्हणलं, बेस झालं.

ते बघा, मान हलवत्यात. जाळं शिवत्यात ते दुसऱ्या फेकीसाठी. पयलीला आता जाळं लागत न्हाई, ती आपली आपण वर चढती. च्या झालाय, घ्या आन निघा, शिफ्ट सुटली की रस्ता गच्च व्हतो. तुमची बी वाट मोकळी ऱ्हावो.